अल्सरची साक्ष

पोटात जळजळ होते, रिकाम्या पोटी कळ येते, अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला १९८०च्या आसपासपर्यंत ठरलेलं उत्तर मिळायचं. तिखट-तेलकट बंद करा, थंड दूध प्या आणि मुख्य म्हणजे टेन्शन घेऊ नका. आज त्याच माणसाची आधी एका जंतूसाठी तपासणी होते. जंतू सापडला तर दहा-चौदा दिवसांचा प्रतिजैविकांचा कोर्स दिला जातो आणि बहुतेकांचा अल्सर बरा होतो. मग टेन्शनचं काय झालं? ती सगळी भाकडकथाच होती का?

भाकडकथा नव्हती, पण पूर्ण सत्यही नव्हतं. ताणाचं जीवशास्त्र ही विज्ञानशाखा घडली त्यात उंदरांच्या जठरातल्या जखमांचा मोठा वाटा होता. पुढची कित्येक दशकं ताणाचा पुरावा हवा असला की संशोधक पुन्हा त्याच जखमांकडे वळत राहिले. अल्सर हा या शास्त्राचा सर्वांत जुना साक्षीदार. त्याने काही वेळा खरं सांगितलं, काही वेळा साफ दिशाभूल केली. त्याची उलटतपासणी केली, की ताण म्हणजे नेमकं काय हे बऱ्यापैकी हाती लागतं.

खिडकीतून दिसलेलं जठर

हार्वर्डमध्ये वैद्यकशास्त्र शिकत असतानाच वॉल्टर कॅनन याने नुकत्याच सापडलेल्या क्ष-किरणांचा एक नवा उपयोग शोधला. मांजरीला बिस्मथ मिसळलेलं अन्न खायला घालायचं आणि पडद्यावर जठराची हालचाल पाहायची. जठरातून एकामागून एक लाटा सरकताना दिसत. पण मांजर बिथरलं, धडपडू लागलं की लाटा जागच्या जागी थांबत. ते शांत झालं की पुन्हा सुरू होत. १८९७च्या सुमाराची ही गोष्ट. दुसरा एखादा संशोधक ‘हे मांजर प्रयोगाला निकामी’ म्हणून पुढे गेला असता. कॅननने पुढची दोन दशकं त्या थांबलेल्या लाटांचा पाठपुरावा केला.

त्याला सापडलं ते असं. भीती किंवा राग आला, की अ‍ॅड्रिनल ग्रंथींच्या गाभ्यातून अ‍ॅड्रिनलीन रक्तात उतरतं. हृदयाची गती वाढते, यकृत साठवलेली साखर सोडतं, आतड्यांकडचं रक्त स्नायूंकडे वळतं. जीव लढायला किंवा पळायला तयार होतो आणि तोवर पचन तहकूब राहतं. दाराशी आग लागली असताना कोणी गच्चीवर पापड वाळत घालत बसत नाही, तसंच हे. १९१५मध्ये कॅननने हे सगळं पुस्तकरूपाने मांडलं.

माणसाच्या बाबतीत हेच डोळ्यांनी पाहायची संधी एका अपघाताने मिळाली. १८९५मध्ये अमेरिकेतल्या एका नऊ वर्षांच्या मुलाने शिंपल्यांचं उकळतं सूप घाईघाईत गिळलं. त्याची अन्ननलिका भाजून कायमची बंद झाली. शल्यवैद्यांनी पोटातून थेट जठरात जाणारं एक तोंड ठेवलं. मुलगा घास चावून चव घ्यायचा आणि मग तो त्या वाटेने जठरात सोडायचा. मोठेपणीही त्याने हे व्यंग लोकांपासून लपवलं. १९४०च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात स्ट्यूअर्ट वुल्फ आणि हॅरोल्ड वुल्फ या डॉक्टरांनी त्याला प्रयोगशाळेत कामही दिलं आणि त्याच्या जठराचं निरीक्षणही सुरू केलं. वैद्यकीय साहित्यात तो फक्त ‘टॉम’ या नावाने ओळखला जातो.

एकदा निरीक्षण चालू असताना एक डॉक्टर रागारागाने खोलीत शिरला आणि हरवलेली कागदपत्रं शोधू लागला. कपाटं उघडली, खण उपसले, तोंडाने शिव्या चालूच. ती कागदपत्रं टॉमकडूनच गहाळ झाली होती. तो गप्प बसून राहिला. चेहरा पांढरा पडला आणि त्याच वेळी जठराचं आतलं अस्तरही फिकं पडलं. कागद सापडले, डॉक्टर निघून गेला, तेव्हा दोन्हींचा रंग परतला. दुसऱ्या एका प्रसंगी त्याला ‘तुझं काम नीट नाही’ म्हणून एका नोकरीवरून काढलं. या वेळी तो मनातल्या मनात धुमसत होता आणि जठर लालबुंद झालं, आम्लाचा स्राव वाढला. भीती आणि संताप या दोन्हींना आपण सरसकट टेन्शन म्हणतो, पण टॉमच्या जठराने त्यांना अगदी विरुद्ध उत्तरं दिली. हा तपशील तेव्हा फारसा कोणी मनावर घेतला नाही, कारण त्या काळात एका वेगळ्याच, सोप्या आणि भव्य सिद्धान्ताची चलती होती.

माँट्रियलचे उंदीर

तो सिद्धान्त हान्स सेल्ये यांचा. व्हिएन्नात जन्मलेले, प्रागमध्ये शिकलेले सेल्ये १९३०च्या दशकात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात एक नवं संप्रेरक शोधत होते. बीजांडकोशाचा अर्क काढून ते उंदरांना टोचत. उंदीर उघडून पाहिले तर तीन बदल दिसले. अ‍ॅड्रिनल ग्रंथींची बाहेरची साल सुजलेली, थायमस आणि लसिका ग्रंथी आक्रसलेल्या आणि जठर-आतड्यांत रक्तस्राव होणाऱ्या जखमा. नवं संप्रेरक सापडलं म्हणून आनंदी आनंद झाला. पण तपासणीसाठी इतर अवयवांचे अर्क टोचले तर तेच तीन बदल. शेवटी प्रयोगशाळेतलं फॉर्मॅलीन टोचलं तरी तेच!

संप्रेरकाचं स्वप्न संपलं, पण सेल्येंनी प्रश्नच बदलला. इतक्या वेगवेगळ्या गोष्टींना शरीर एकच उत्तर का देतं? मग थंडी, शस्त्रक्रियेची जखम, दमछाक होईपर्यंत व्यायाम, मॉर्फीनसारख्या औषधांचे मोठे डोस, असं सगळं करून पाहिलं. उत्तर तेच तिहेरी. ४ जुलै १९३६च्या ‘नेचर’मध्ये त्यांचं एक छोटं टिपण आलं. त्यात प्रतिसादाचे तीन टप्पे सांगितले होते : आधी धोक्याची घंटा, मग प्रतिकार, आणि आघात चालूच राहिला तर एक ते तीन महिन्यांत शक्तिपात. तेव्हा सेल्ये एकोणतीस वर्षांचे होते.

या तीन बदलांमागची यंत्रणा उलगडायला मात्र पुढची पिढी लागली. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्यूटरी ग्रंथीला रासायनिक निरोप जातो, पिट्यूटरी तो अ‍ॅड्रिनलच्या सालीला पोचवते, आणि साल कॉर्टिसॉल सोडते. (उंदरांत त्याचंच भावंड, कॉर्टिकोस्टेरॉन.) पहिला निरोप नेणारं रसायन असलंच पाहिजे हे १९५५मध्ये दोन गटांनी दाखवलं. त्यातला एक होता सेल्येंचाच विद्यार्थी रॉजर गिलेमिन याचा. दुसऱ्यात, मॅकगिलमध्ये, अँड्र्यू शॅली होता. पुढे दोघांनी एकमेकांशी जीवघेणी स्पर्धा केली, मेंदूतली इतर संप्रेरकं शोधून १९७७चं नोबेलही घेतलं, पण हे रसायन दोघांच्याही हाती लागलं नाही. मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसमधून ते वेगळं केलं १९८१मध्ये, कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये वायली व्हेल आणि सहकाऱ्यांनी. ४१ अमिनो आम्लांची एक साखळी. सीआरएच हे तिचं आजचं नाव.

आता सेल्येंच्या उंदरांचा अर्थ लागतो. सतत मागणी आल्याने अ‍ॅड्रिनलची साल वाढली. कॉर्टिसॉलच्या कुटुंबातली संप्रेरकं रोगप्रतिकारक पेशींना दाबतात, म्हणून थायमस आक्रसलं. आणि जठर? तिथलं आम्ल खुद्द जठराच्या भिंतीलाच खाऊन टाकत नाही, कारण तिच्यावर चिकट स्रावाचा थर असतो आणि पेशींची डागडुजी सतत चालू असते. त्या देखभालीला भरपूर रक्त लागतं. आणीबाणीत रक्तपुरवठाच आटला तर कवच पातळ होतं.

सेल्येंचं एक अनुमान मात्र पुढे टिकलं नाही. तिसऱ्या टप्प्यात शरीराचा दारूगोळा संपतो, असं त्यांना वाटायचं. तो सहसा संपत नाही. नुकसान होतं ते बंदोबस्तच महिनोन्‌महिने उठत नाही म्हणून. आणि ‘आघात कुठलाही असो, उत्तर एकच’ हे सूत्रही पुढे डळमळीत झालं. अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेत जॉन मेसन माकडांना उपाशी ठेवून कॉर्टिसॉल मोजत होते. शेजारची माकडं खात असताना ज्यांना उपाशी बसावं लागलं त्यांचं कॉर्टिसॉल वाढलं. मग त्यांनी उपाशी माकडांना वेगळं ठेवून फळाच्या चवीच्या, पण पोषण शून्य अशा गोळ्या दिल्या. शरीर उपाशीच होतं, पण कॉर्टिसॉल फारसं हललं नाही. ताण उपासमारीचा नव्हता, ताटावरून डावललं गेल्याचा होता.

साहेब माकड

त्याच वॉल्टर रीड संस्थेत जोसेफ ब्रेडी यांनी १९५८मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला आणि तो जगभर गाजला. दोन माकडं शेजारी-शेजारी खुर्च्यांना जखडलेली. दर वीस सेकंदांनी विजेचा झटका ठरलेला. पण एका माकडाने मधल्या वेळात दांडा दाबला, तर झटका दोघांनाही चुकायचा. सहा तास पाळी, सहा तास सुट्टी. दांडा हाती असलेल्याला नाव पडलं ‘एक्झिक्युटिव्ह’ माकड. अशा चार जोड्या. चारही ‘साहेबां’ना अल्सर झाले, शेजारी नुसत्या बसलेल्या चौघांना नाही.

निष्कर्ष त्या काळाला अगदी मानवला : निर्णयाची जबाबदारी माणसाला आतून पोखरते. मोठ्या कंपन्यांतल्या साहेबांना आपला अल्सर मानाच्या पदकासारखा वाटू लागला.

प्रयोगात मात्र एक छिद्र होतं. कोणतं माकड साहेब होणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं. पूर्वतयारीत ज्यांनी सर्वांत जास्त वेळा दांडा दाबला त्यांनाच साहेबाच्या खुर्चीत बसवलं होतं. म्हणजे मुळातच जी माकडं जास्त अस्वस्थ, जास्त हातघाईवर येणारी, तीच एका बाजूला गोळा झाली होती.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जे वाइस यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस हाच प्रश्न उंदरांवर, चिठ्ठ्या टाकून, पुन्हा विचारला. उंदरांचं त्रिकूट घ्यायचं. पहिल्या दोघांच्या शेपट्यांना लावलेल्या तारा एकाच मंडलात जोडलेल्या, म्हणजे झटका दोघांना एकाच क्षणी आणि तेवढाच बसणार. पहिल्याला चाक फिरवून तो थांबवता यायचा. दुसऱ्याच्या पिंजऱ्यातही तसंच चाक, पण त्याची तार कशालाच जोडलेली नाही. तिसऱ्याला झटकाच नाही. आता निकाल उलटा लागला. ज्याच्या चाकाने काम होत होतं त्याच्या जठरात जखमा कमी, ज्याचं चाक पोकळ होतं त्याच्या जठरात कितीतरी जास्त. वीज दोघांना सारखीच मिळाली होती.

वाइस तिथे थांबले नाहीत. झटक्याआधी बीप असा आवाज दिला तर? नियंत्रण काहीच नाही, फक्त पूर्वसूचना. तरीही जखमा खूप कमी झाल्या. उंदराला आता कधी घाबरायचं हे कळत होतं, म्हणजेच कधी घाबरायचं नाही हेही कळत होतं. तिसरी मांडणी सर्वांत बोलकी आहे. चाक फिरवलं की येणारे झटके टळतात, पण फिरवण्याबद्दलही एक छोटा झटका बसतो. या वेळी चाक हाती असलेल्याचंच जठर जास्त फाटलं. हाती दांडा असणं पुरेसं नाही. तो दाबल्यावर ‘झालं, सुटलो’ असं कळलंही पाहिजे. जबाबदारी आहे, धावपळ आहे आणि केलेल्या कामाची दाद मात्र नाही, असा दांडा नसलेला बरा.

साहेब की शिपाई?

उंदरांवरून माणसांवर उडी मारणं धोक्याचं, पण माणसांचीही पाहणी झाली. १९६७मध्ये लंडनमध्ये सुमारे साडेसतरा हजार पुरुष सरकारी नोकरांची तपासणी सुरू झाली. सरकारी कचेऱ्यांच्या रस्त्यावरून तिला व्हाइटहॉल अभ्यास म्हणतात. इथे कोणी भुकेकंगाल नव्हता. सगळ्यांना पगार, पेन्शन आणि सरकारी आरोग्यसेवा होती. मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी १९७८मध्ये आकडे मांडले. हृदयरोगाने मरण्याचं प्रमाण निरोप पोचवणाऱ्या शिपायांमध्ये सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या ३.६ पट निघालं, आणि मधल्या प्रत्येक पायरीवर ते उतरत्या क्रमाने कमी होत गेलं. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा केल्यावरही निम्म्याहून जास्त फरक उरला.

१९८५मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात १०,३०८ स्त्री-पुरुष होते. त्यांना विचारलं गेलं की आपलं काम कसं आणि कधी करायचं हे ठरवण्यात तुमचा वाटा किती? ज्यांचा वाटा कमी होता त्यांच्यात पुढच्या काळात हृदयरोगाची नवी प्रकरणं जास्त आढळली. साहेबांच्या डोक्यावर कामं जास्त असतात हे खरंच. पण त्यांचं चाक कशाला तरी जोडलेलं असतं.

अशी पकड दीर्घकाळ सुटली तर मेंदूत काय होतं, याचा एक महत्त्वाचा धागा बंगळुरूला सापडला. तिथल्या एनसीबीएस संस्थेत सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस हालचाल करता येणार नाही अशा अवस्थेत ठेवलं. स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींच्या फांद्या आखडल्या, हे इतरांनाही दिसलं होतं. नवल होतं ते भीतीशी संबंधित अमिग्डालामध्ये. तिथल्या पेशींच्या फांद्या उलट फोफावल्या. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाचा पुढचा भाग अधिक काळजीचा आहे. एकवीस दिवस आराम दिल्यावर हिप्पोकॅम्पस पूर्वपदावर आलं, अमिग्डाला आलं नाही. हिप्पोकॅम्पस कॉर्टिसॉलच्या यंत्रणेला आवर घालणाऱ्या भागांपैकी एक आहे. म्हणजे लांबलेला ताण आधी लगाम ढिला करतो आणि भीतीला जास्त जागा करून देतो.

पर्थचा जंतू

या सगळ्या इमारतीला १९८२मध्ये सुरुंग लागला. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे रॉबिन वॉरन यांना जठराच्या नमुन्यांत नागमोडी जंतू दिसत होते. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर ते वाढवायच्या खटपटीत होता. एरवी दोन दिवसांनी फेकून दिल्या जाणाऱ्या बशा ईस्टरच्या लांब सुट्टीमुळे तशाच राहिल्या आणि त्यांत जंतू वाढलेला दिसला. इतक्या आम्लात जंतू जगेल यावर कोणाचा विश्वास बसेना. म्हणून १९८४मध्ये मार्शलने स्वतःच त्या जंतूंचा पेला घशाखाली उतरवला. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा जठराला सूज होती. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूच्या शोधासाठी दोघांना २००५चं नोबेल मिळालं. ज्या वर्षी पर्थच्या बशीत जंतू वाढला त्याच १९८२मध्ये सेल्ये वारले.

वैद्यकाचा लंबक आता दुसऱ्या टोकाला गेला. अल्सर म्हणजे संसर्ग, ताणाचा विषय बंद! त्याला एक कटू कारणही होतं. ताणाच्या नावाखाली खरे गुन्हेगार सुटल्याची उदाहरणं होती. खुद्द सेल्येंनी तंबाखू उद्योगाकडून पैसे घेतले होते आणि धूम्रपानाने ताण हलका होतो अशी मांडणी केली होती, हे पुढे कंपन्यांच्या कागदपत्रांतून उघड झालं.

पण एक हिशेब जुळत नव्हता. हा जंतू जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या पोटात असतो, आणि अल्सर होतो त्यातल्या थोड्यांनाच. १७ जानेवारी १९९५च्या पहाटे जपानमध्ये कोबे शहर भूकंपाने उद्ध्वस्त झालं. त्यानंतर तिथल्या रुग्णालयांत रक्तस्राव होणाऱ्या जठराच्या अल्सरचे रुग्ण वाढले. लोकांच्या पोटातले जंतू काही एका पहाटेत वाढलेले नव्हते. २०११च्या भूकंप-त्सुनामीनंतर ईशान्य जपानमध्येही हेच दिसलं. या वेळी डॉक्टर जंतूची तपासणीही करत होते. ज्यांच्यात जंतूही नाही आणि जठर सोलणारी वेदनाशामकंही नाहीत अशा अल्सरचं प्रमाण आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट झालं होतं.

शांत काळातला पुरावा डेन्मार्कमधून आला. तिथल्या ३,३७९ लोकांची ताणाविषयीची उत्तरं आणि रक्ताचे नमुने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवले होते. सुझन लेव्हनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी पुढच्या काळात कोणाला अल्सर झाला ते तपासून २०१५मध्ये निष्कर्ष मांडले. सर्वांत कमी ताणाच्या गटात १.६ टक्के, सर्वांत जास्त ताणाच्या गटात ३.५ टक्के. जंतू असलेल्यांत आणि नसलेल्यांत ताणाचा परिणाम सारखाच होता.

तेव्हा साक्षीदाराचा अंतिम जबाब असा : जंतू, वेदनाशामक गोळ्या, सिगारेट आणि ताण हे सगळेच त्या भिंतीवर घाव घालतात, आणि एक हजर असला म्हणून दुसरा निर्दोष ठरत नाही. ज्याच्या पोटात जंतू आहे त्याने औषधाचा कोर्स पुराच केला पाहिजे, कितीही ध्यानधारणा केली तरी. पण शंभरातल्या ज्या थोड्यांची भिंत फुटते त्यांच्यात ताणाचा हात असू शकतो.

आदल्या रात्रीची भेट

वाइस यांच्या ‘बीप’चं माणसांतलं रूप बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये आधीच तपासलं गेलं होतं, त्यांच्या उंदरांशी काहीही संबंध नसताना. १९६४मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पोटाची शस्त्रक्रिया होणारे ९७ रुग्ण होते. त्यातल्या साधारण निम्म्यांना भूलतज्ज्ञ आदल्या रात्री भेटून सांगायचे : उद्या कुठे दुखेल, किती वेळ दुखेल, दुखतं ते स्नायू आवळल्यामुळे, ते सैल कसे सोडायचे, कुशीवर कसं वळायचं, आणि तरी सोसेना तर औषध मागा. उरलेल्यांना नेहमीचीच वागणूक. कोणाला काय सांगितलं हे शल्यवैद्यांना माहीत नव्हतं. माहिती मिळालेल्या रुग्णांना जवळपास निम्मंच वेदनाशामक लागलं, आणि शल्यवैद्यांनी त्यांना सरासरी २.७ दिवस आधी घरी सोडलं.

त्या भेटीत रुग्णाला दोन गोष्टी मिळाल्या : पुढे काय येणार याची सूचना, आणि ते आलं तर स्वतः करता येईल असं काहीतरी. ड्यूटीचा तक्ता आठवडाभर आधी लावणं, तपासणीचा निकाल कधी येईल हे नक्की सांगणं, कामाचा क्रम करणाऱ्याला ठरवू देणं, ही त्याचीच रूपं आहेत आणि त्यांना खर्च जवळपास नाही. ताणाखालच्या माणसालाच ‘मन घट्ट कर’ म्हणणं सोपं असतं. या प्रकरणातला पुरावा मात्र तक्ता, निकाल आणि निर्णय ज्यांच्या हातात आहेत त्यांच्याकडे बोट दाखवतो.